प्राण्यांच्या आवाजावर पोस्टडॉक करायचंय? सोलापूरहून सुरुवात अशी करा

प्राणीशास्त्रात पीएच.डी. झालेली सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची मुलं-मुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पोस्टडॉकची जाहिरात कुठं येते?" पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी केलेलं संशोधन. जाहिरात येते, पण ती सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. आधी प्रश्न, मग प्राणी, मग थोडं रेकॉर्डिंग, मग ज्यांच्याकडे काम करायचं ती प्रयोगशाळा आणि त्यानंतर पैसा. हा क्रम उलटा केला की तासिका तत्त्वावर शिकवत वर्षं निघून जातात आणि वयाची अट दारात येऊन उभी राहते.

हा लेख आहे प्राण्यांचे आवाज आणि त्यावरून होणारी जोडीदाराची निवड या विषयात पोस्टडॉक करू इच्छिणाऱ्यांसाठी. थोडक्यात, नर आवाज काढतो, मादी ऐकते आणि कुणाकडे जायचं ते ठरवते. हे ती कशावरून ठरवते, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

१. आधी प्रश्न नीट मांडा

"सोलापूर जिल्ह्यातील रातकिड्यांच्या आवाजाचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, ते प्रबंधाचं शीर्षक झालं. पोस्टडॉकच्या प्रस्तावात एक वाक्य असं लागतं, ज्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं आणि दोन्हीपैकी काहीही आलं तरी ते छापण्याजोगं असतं.

चांगला प्रश्न कसा दिसतो, हे दोन कामांवरून कळेल. पनामातल्या टुंगारा बेडकाचा नर एक लांब, उतरत जाणारा सूर काढतो आणि जमलं तर त्याच्या शेवटी छोटे 'चक' जोडतो. माद्यांना चकवाला आवाज जास्त आवडतो. पण तोच आवाज बेडूक खाणाऱ्या वटवाघळालाही आवडतो. मायकेल रायन यांनी यावर जे काम उभं केलं त्याचा गाभा इतकाच आहे: मादीला खूश करायचं तर जीव धोक्यात घालावा लागतो, मग नर किती चक जोडणार?

दुसरं काम आपल्याकडचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटानं झुडपांवर राहणाऱ्या रातकिड्याच्या एका जातीवर, इकॅन्थस हेन्रीवर, काम केलं. यातले काही नर पानाला भोक पाडतात, त्यात पंख बसवून गातात आणि पान पडद्यासारखं वापरून आवाज मोठा करतात. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं की हा उद्योग जास्त करून अंगानं लहान आणि आवाजानं कमी असलेले नर करतात, आणि त्यांना त्याचा फायदाही होतो. महागडं यंत्र असल्याशिवाय विज्ञान होत नाही असं वाटणाऱ्यांनी हा निबंध मिळवून वाचावाच.

आता सोलापूरकडे या. कीटक आणि बेडूक यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, त्यामुळे रात्र गरम असली की रातकिड्याची किरकिर जलद होते. मग मादीची आवडही त्या प्रमाणात बदलते का? गर्हार्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या झाडबेडकांत दाखवलं की बदलते: गरम असलेल्या मादीला गरम नराचा वेगच पसंत पडतो. पण आपल्याकडच्यासारख्या रात्री, जिथं सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी जमीन तापलेली असते, तिथंही हे जुळणं टिकतं का? किंवा शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात नराचा आवाज मादीपर्यंत किती अंतर पोचतो? असे प्रश्न सोलापुरात राहणाऱ्याला सुचतात, बाहेरच्याला सहसा सुचत नाहीत. तेच तुमचं भांडवल.

२. प्राणी निवडताना हट्ट नको

माळढोकवर प्रकल्प लिहायचा मोह सोलापूरकराला होतोच. गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा नर, १९७९ साली जाहीर झालेलं आपलं नान्नजचं अभयारण्य, सगळं मनाजोगतं. पण पक्षीच उरले नाहीत तर आकडेवारी कुणाची करणार? शिवाय अतिसंरक्षित पक्ष्याला स्पीकरवरून आवाज ऐकवायची परवानगी नवख्या संशोधकाला मिळेल हे विसरा. मिळू नयेच, असं माझं मत आहे.

माझा सल्ला: कीटक घ्या. रातकिडे भरपूर सापडतात, प्रयोगशाळेत वाढतात, एकाच हंगामात पुरेसे नमुने मिळतात आणि कागदोपत्री अडथळेही तुलनेनं कमी. बेडूक आकर्षक आहेत, पण आपल्याकडे पाऊस बेभरवशाचा. मोठा बेडूक पहिल्या जोरदार पावसानंतर पिवळाधमक होतो, निळसर पिशव्या फुगवून ओरडतो, आणि काही रात्रींत सगळं आटोपतं. तो पाऊस लांबला की तुमचं वर्ष गेलं. सुगरण हा मधला मार्ग. नर अर्धवट विणलेल्या घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो, मादी घरटं पाहून पसंती देते आणि मग तो पुढचं विणतो. पण इथं आवाजाचा वाटा किती आणि घरट्याचा किती हे वेगळं काढणं अवघड, म्हणून ही निवड करणाऱ्यानं संख्याशास्त्र पक्कं करून यावं. माळावर उडत गाणारे चंडोलही आहेत. ते ज्यांचे कान तयार आहेत त्यांच्यासाठी.

३. अर्जाआधी स्वतःचं रेकॉर्डिंग हवंच

प्रस्तावासोबत तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगचा एक स्वच्छ स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार आवाजाची पट्टी दाखवणारं चित्र) असला की वाचणाऱ्याचा सूर बदलतो. हे रेकॉर्डिंग सोलापुरात राहून, नोकरी सांभाळून करता येतं. काय लागतं ते आधी सांगते:

- वेव्ह फाइल साठवणारा हातातला रेकॉर्डर. जमल्यास एका दिशेचा आवाज घेणारा वेगळा मायक्रोफोन आणि वाऱ्यासाठी त्यावरची केसाळ टोपी
- रात्रभर एका जागी ठेवायचा असेल तर ऑडिओमॉथसारखं छोटं स्वयंचलित यंत्र
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
- आवाजाची पातळी मोजणारा मीटर (मोबाइलवरचं ॲप चालत नाही)
- लाल कागद लावलेली बॅटरी, वही, पेन्सिल, गुडघ्यापर्यंतचे बूट

बूट शोभेसाठी नाहीत. पावसाळ्यात बांधावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. एकट्यानं रात्री जाऊ नका, शेतमालकाला आधी सांगा आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. नाहीतर डोक्याला दिवा लावून बांधावर बसलेल्या माणसाला गाव काय समजेल ते समजेल.

जागा म्हणाल तर अभयारण्याच्या बाहेरचे ज्वारीच्या रानांचे बांध उत्तम. काळ्या मातीला पडलेल्या भेगांत रातकिड्याचा नर बसतो. तुम्ही पाऊल टाकलं की गप्प होतो. तिथंच बसा. टॉर्च बंद. थोड्या वेळानं एक अडखळती किरकिर येते, मग दुसरी, मग पट्टी लागते. मायक्रोफोन भेगेपासून ठरावीक अंतरावर धरा आणि ते अंतर प्रत्येक नरासाठी तेच ठेवा. मीटरचा सेन्सर त्याच भेगेच्या तोंडाशी ठेवा. तुमच्या खिशातलं तापमान वेगळं असतं. रेकॉर्डिंग झाल्यावर ते थांबवण्याआधी तारीख, वेळ, तापमान, अंतर आणि नराचा क्रमांक मोठ्यानं बोला. वही भिजते, फाइलचं नाव बदलतं, पण त्या फाइलच्या शेवटी बोललेलं तिथंच राहतं.

तापमान न लिहिलेलं रातकिड्याचं रेकॉर्डिंग म्हणजे मीठ न घातलेली शेंगाचटणी. २२ अंशांतला नर आणि ३१ अंशांतला नर यांच्या वेगातला फरक जातीचा, वयाचा की हवेचा, हे नंतर कुणीही सांगू शकत नाही. आणि झाडावरच्या रातकिड्यांत तर तापमानाबरोबर आवाजाची पट्टीही सरकते.

आता यंत्रातले सापळे:

रेकॉर्डरमधला आपोआप आवाज कमी-जास्त करणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की दुबळा नर आणि दणकट नर दोघंही सारखेच ऐकू येतात, आणि तुमचा प्रश्नच तिथं मरतो. आवाज स्वच्छ करणारा पर्यायही बंद. एमपी-थ्रीत कधीच साठवू नका. जागा वाचवण्यासाठी ती पद्धत आवाजातले काही भाग टाकून देते, आणि टाकलेलं परत मिळत नाही.

सॅम्पलिंग रेट, म्हणजे यंत्र दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपतं, ते समजून घ्या. ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज सापडतो. जमिनीवरच्या रातकिड्याचा मुख्य सूर बहुधा ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, त्याला हे पुरे. पण लांब मिशांचे हिरवे नाकतोडे आणि वटवाघळं माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत बोलतात. त्यांच्यासाठी १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्झवर चालणारं यंत्र लागतं. "इथं कुणी ओरडतच नाही" असा निष्कर्ष काढण्याआधी हे तपासा.

विश्लेषणासाठी रेव्हन, ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअरं आणि आर या संगणकाच्या भाषेतली सीवेव्ह व वार्बलआर ही पॅकेजं शिका. आर येत नसेल तर आजपासून सुरू करा. मुलाखतीत हे विचारतात, आणि "शिकून घेईन" हे उत्तर पोस्टडॉकला शोभत नाही.

४. निवड मोजायची कशी, हे प्रस्तावात लिहा

सोलापूरकडून जाणाऱ्या बऱ्याच प्रस्तावांचा हा कच्चा दुवा असतो. नराच्या आवाजाचं वर्णन दहा पानं, आणि मादीबद्दल एक ओळ. पण विषय निवडीचा आहे, आणि निवड मादी करते.

नेहमीची पद्धत अशी: दोन स्पीकर, मध्ये मादी, दोन्हीकडून वेगवेगळे आवाज, आणि ती कुणाकडे चालत जाते ते पाहायचं. ऐकायला सोपं, पण खाचाखोचा बऱ्याच.

आवाजाची पातळी स्पीकरजवळ नाही, मादी जिथं सोडणार त्या जागी मोजा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलनं घटते. स्पीकर थोडा इकडे-तिकडे सरकला तरी तुम्ही "वेगाची आवड" मोजतो म्हणत प्रत्यक्षात "मोठ्या आवाजाची आवड" मोजत असता. दर चाचणीला बाजू बदला, कारण मादीला डावीकडचा कोपरा उगाच आवडत असू शकतो. मादी कोणत्या वयाची, आधी मीलन झालेली की नाही, हे ठाऊक हवं. मीलन होऊन गेलेली मादी बऱ्याचदा जागची हलत नाही आणि तुम्ही "आवड नाही" असं लिहून मोकळे होता. आणि चाचणी कोणत्या तापमानाला घेतली हेही लिहा. तापमानाबरोबर मादीची आवड बदलते का, हा आपला प्रश्न आठवतोय ना?

सगळ्यात मोठा सापळा: एकाच नराचं एकच रेकॉर्डिंग पन्नास माद्यांना ऐकवणं. यातून कळतं ते पन्नास माद्यांना तो एक नर आवडला की नाही, एवढंच. "मोठ्या नरांचे आवाज आवडतात" असं म्हणायचं तर अनेक मोठ्या नरांची आणि अनेक लहान नरांची रेकॉर्डिंगं लागतात. या विषयावर १९८० च्या दशकाच्या शेवटी मोठा वाद झाला होता, आणि त्यानंतर परीक्षक ही चूक लगेच पकडतात. कृत्रिम आवाज संगणकावर तयार करून एकेक गुण बदलत ऐकवला तर हा प्रश्न सुटतो, पण मग तो आवाज खऱ्याच्या जवळ आहे हे सिद्ध करावं लागतं. दोन्ही मार्ग प्रस्तावात लिहा आणि कुठला घेणार ते कारणासह सांगा.

५. परवानग्या

अभयारण्यात पाऊल टाकायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी, आणि संरक्षित प्राणी पकडायचा किंवा हाताळायचा असेल तर कलम १२ खाली. हे अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातात, त्यांचं कार्यालय नागपूरला. जुन्या प्रबंधातून अनुसूचीचा (कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीचा) क्रमांक उतरवून घेऊ नका. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूची नव्यानं मांडल्या आहेत. बेडूक, पक्षी, वटवाघूळ असं काहीही पाठीचा कणा असलेलं असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडेही जावं लागतं. कीटकांना ती अट नाही. नमुने परदेशी पाठवायचे झाले तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो.

नागपूरचा कागद पावसाळ्याआधी हातात हवा असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास टाका.

६. यजमान प्रयोगशाळा

पीएच.डी.च्याच मार्गदर्शकाकडे राहू नका. माणूस कितीही चांगला असो, त्यातून तुमचं नाव वेगळं उभं राहत नाही.

देशात या विषयासाठी बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मोहाली आणि तिरुपतीच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या ठिकाणांपासून शोध सुरू करा. तुम्हाला आवडलेले पाच-सहा अलीकडचे शोधनिबंध काढा आणि त्यांचे लेखक सध्या कुठं आहेत ते पाहा. प्राध्यापकांची निवृत्ती जवळ आली आहे का, हे आडून का होईना विचारून घ्या. दोन वर्षांची फेलोशिप आणि यजमानांचं एकच वर्ष शिल्लक, असं गणित जुळत नाही.

पहिला मेल छोटा. "आदरणीय सर, मला आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची संधी द्यावी" असा अर्जाचा सूर सोडा. मेल इंग्रजीत जाईल, आशय साधारण असा ठेवा: "तुमच्या अमुक निबंधात माद्यांची आवड एकाच तापमानाला मोजली आहे. माझ्याकडे सोलापूरजवळच्या रातकिड्यांची वेगवेगळ्या तापमानाची रेकॉर्डिंगं आहेत. मला तपासायचं आहे की आवडही सरकते का. एक पान जोडलं आहे. अमुक फेलोशिपसाठी तुमच्याकडून अर्ज करता येईल का?" बस्स. बायोडेटा दोन पानांचा. सगळ्यांना एकत्र सीसीमध्ये टाकलेला मेल कुणीच वाचत नाही. उत्तर आलं नाही तर पंधरवड्यानं एकदा आठवण करा, मग पुढं चला.

होकार आला तर एकदा जाऊन या. सोलापूरहून बेंगळुरूला उद्यान एक्सप्रेसनं रात्रीतून जाता येतं. प्राध्यापकांशी बोला, पण त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर चहा घ्यायला विसरू नका. खरी हवा तिथं कळते.

७. पैसा कुठून

देशातली मुख्य वाट म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) द्यायची, आता ती संस्था २०२३ च्या कायद्यानं झालेल्या एएनआरएफमध्ये (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) सामावली आहे. मुदत २ वर्षं, वयोमर्यादा ३५, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग यांना ५ वर्षांची सवलत, असा तिचा साचा राहिला आहे. दर वर्षीची जाहिरात मात्र शब्दन् शब्द वाचा.

दुसरी वाट रिसर्च असोसिएट. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा यजमानांच्या प्रकल्पातून. केंद्रानं २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांप्रमाणे पहिल्या पायरीला दरमहा ५८,००० रुपये आणि वर घरभाडं. प्रकल्पातली जागा लवकर मिळते, पण तिथं प्रश्न त्यांचा असतो.

परदेशासाठी तारखा मोजा. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटाला आणि अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूला पीएच.डी.नंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. युरोपच्या मेरी क्युरीला ८ वर्षं चालतात, पण ज्या देशात जायचं तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) "अजून एक वर्ष काढू" म्हणत बसलात तर हम्बोल्टच्या पोस्टडॉक गटाचं आणि फुलब्राइटचं दार आपोआप बंद होतं.

फॉर्म भरून देतो, प्रस्ताव लिहून देतो म्हणणारे एजंट आणि आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं, दोन्हींपासून लांब राहा. बायोडेटात तसलं एक नियतकालिक दिसलं की बाकीच्या चांगल्या निबंधांकडेही संशयानं पाहिलं जातं.

८. कागदपत्रं

- पीएच.डी.ची पदवी, ती मिळेपर्यंत विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र आणि निकालाची अधिसूचना
- दहावीचा दाखला (वयाचा पुरावा म्हणून)
- प्रबंधाचा सारांश आणि शोधनिबंधांच्या पहिल्या पानांच्या प्रती
- एक पानी आणि सविस्तर, असे दोन्ही प्रस्ताव
- यजमानांचं संमतिपत्र आणि त्यांच्या संस्थेचं शिक्क्यानिशी समर्थनपत्र
- दोन किंवा तीन शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी तुमच्या मार्गदर्शकाशिवाय दुसऱ्याचं
- लागू असल्यास जातीचा दाखला
- पासपोर्ट, परदेशी जायचं नसलं तरी

तीन ठिकाणी माणसं अडकतात. एक, ओबीसींसाठी केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेयर दाखला वेगळा असतो. राज्याचा दाखला जोडून अर्ज बाद होतो. सेतूमध्ये अर्ज देतानाच "केंद्र शासनासाठी" असं स्पष्ट सांगा. दोन, लग्नानंतर बदललेलं नाव. दहावीला एक, पदवीला दुसरं, आधारवर तिसरं असेल तर राजपत्रातली नोंद आधीच करून घ्या. तीन, समर्थनपत्र. यजमान प्राध्यापक आठवड्यात सही देतात, पण संस्थेच्या कार्यालयातून तो कागद बाहेर पडायला वेळ लागतो. शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी मागा.

९. रुजू होताना

फेलोशिपचे पहिले पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरून चाला. बेंगळुरूत घराचं डिपॉझिट काही महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात. ते आणि तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. कॉलेजचं कार्यमुक्तीचं पत्र घेतल्याशिवाय सोलापूर सोडू नका. ते नंतर अनुभवाच्या दाखल्यासाठी लागतं आणि तोवर प्राचार्य बदललेले असतात. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक सोबत, एक घरी, एक क्लाउडवर. शक्य असेल तर चांगले नमुने झेनो-कँटोसारख्या खुल्या संग्रहात चढवा. तिथं पक्ष्यांबरोबर नाकतोडे, रातकिडे आणि बेडूकही घेतात, आणि सोलापूरच्या माळावरच्या किड्यांची भर तिथं नक्कीच घालता येईल.